बाजारची भेळ घरी करताना

लहानपणी खाल्लेली बाजारची भेळ घरी करायला घेतली की बहुतेक घरांत एकच घोळ होतो: आपण ती फार श्रीमंत करून ठेवतो. उकडलेला बटाटा पडतो, डाळिंबाचे दाणे पडतात, खजुराची दाट चटणी येते, कुणी वरून दहीसुद्धा घालतं. पोरं आवडीनं खातात, पण आईवडिलांच्या जिभेला जी चव हवी असते ती काही सापडत नाही. ती सापडणारही नाही, कारण त्या भेळेत यातलं काहीच नव्हतं. चुरमुरे, फरसाण, थोडी मटकी, कांदा, चिंच-गुळाचं पाणी आणि डोळ्यांतून पाणी काढणारी मिरची, एवढ्यावर ती उभी होती. त्यामुळे या लेखात काय घालायचं याच्याइतकंच काय घालायचं नाही हेही सांगणार आहे.

आपल्या खेड तालुक्यातल्या महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे, खराबवाडी या गावांचा आठवडे बाजार म्हणजे चाकणचा, शनिवारचा. १९९९ मध्ये महाळुंग्याच्या हद्दीत बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, मागोमाग इतर कारखाने आले आणि चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागू लागल्या. त्याआधी या रस्त्यावरची मोठी वर्दळ बाजाराच्या दिवशीचीच. कांदा, बटाटा, मिरची विकायला माणसं चाकणला जायची आणि येताना पोराबाळांसाठी खाऊ घेऊन यायची: गोडीशेव, रेवड्या आणि भेळ. पिशवीत तळाला जड सामान, त्यावर भाजी आणि चुरा होऊ नये म्हणून सगळ्यात वर भेळेचा पुडा. चिंचेचं पाणी वेगळ्या पिशवीत दोऱ्यानं घट्ट बांधलेलं असायचं. ज्याला बाजारात सोबत नेलं जाई, त्याची चंगळच. तिथे ओली भेळ समोर कालवून मिळायची.

त्या भेळवाल्याचा हात आठवून पाहा, कारण अर्धी कृती तिथेच आहे. डाव्या हातानं पातेलं तिरकं धरलेलं. उजव्या हातातला मोठा चमचा तळापासून वर येतो, पातेल्याच्या काठावर खण्णकन आपटतो आणि पुन्हा खाली जातो. असे सात-आठ फटके, की भेळ कागदावर. वर शेव, कोथिंबीर, बाजूला मीठ लावलेली तळलेली मिरची आणि चमचा म्हणून खोचलेला जाड पुठ्ठ्याचा तुकडा. कालवणं आणि हातात देणं यांत अर्ध्या मिनिटाचंही अंतर नसे. घरी नेमकं हेच चुकतं. आपण भेळ कालवतो, मग ताटल्या काढतो, मग सगळ्यांना हाका मारतो. तोवर चुरमुऱ्यांचा लगदा झालेला असतो.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट मनाशी नक्की करा: तुमच्या आठवणीतली भेळ कुठली? हा प्रश्न महाळुंग्यात फार महत्त्वाचा, कारण इथे आता एका चाळीच्या दहा खोल्यांत दहा जिल्ह्यांची माणसं राहतात. पुण्याकडच्या भेळेत मटकी हवी. नगर-नाशिककडच्या माणसाला भत्ता आठवतो. तो कोरडाच, तिखटजाळ आणि सोबत तळलेल्या मिरच्या. सांगली-जयसिंगपूरच्या माणसाला लसणाच्या फोडणीचे भडंग आठवणार. विदर्भातल्या घरात कच्च्या चिवड्याचं नाव निघतं, त्यात कच्चं तेल आणि कांदा. शेजारणीची कृती कितीही चांगली असली तरी तिनं तुमच्या गावच्या बाजाराची चव येणार नाही. मी पुढे सांगतो ती आपल्या खेड तालुक्यातली, बाजारच्या दिवसाची ओली भेळ. इतरांनी पाया हाच ठेवून शेवटचा मसाला आपापला करावा.

चुरमुऱ्यांपासून सुरुवात करू. दुकानात दोन प्रकार दिसतात. भडंगाचे चुरमुरे मोठे, जाड आणि चिवट कुरकुरीत असतात. ते फोडणीला चांगले. ओल्या भेळेला साधे, पातळ, हलके चुरमुरे घ्या, ते चिंचेचं पाणी लगेच धरतात. चार माणसांना शंभर ते सव्वाशे ग्रॅम पुरतात. दिसायला हा ढीग मोठा दिसतो, पण पाणी लागलं की निम्मा होतो. चुरमुरे भट्टीवर तापलेल्या वाळूत फुलवतात, त्यामुळे तळाशी बारीक कच असू शकते. चाळणीतून चाळून घ्या. हे काम टाळलं तर एखादा तरी घास दाताखाली करकरतो. मग एक चुरमुरा दोन बोटांत चुरडून पाहा. पटकन फुटला तर ठीक. दबला आणि परत फुगला तर दमट आहे. असे चुरमुरे लोखंडी कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडेच परता आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट चुरमुऱ्यांची भेळ केली तर कांद्याला पाणी सुटतं. पावसाळ्यात तर परतल्याशिवाय चुरमुरे वापरूच नका.

आता चिंचेचं पाणी. माझ्या मते भेळेचा जीव इथेच आहे, म्हणून यावर थोडं सविस्तर.

चिंच जुनी घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी चिंच येते. ती फिकट रंगाची आणि नुसती आंबट असते. वर्षभर ठेवलेली काळपट चिंच जास्त मुरलेली लागते, पाण्याला रंगही देते. शंभर ग्रॅम फोडलेली चिंच दोन वाट्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. हातानं कुस्करा, गाळा, चोथ्यावर आणखी वाटीभर पाणी घालून पुन्हा पिळा. मिक्सरमध्ये फिरवू नका. एखादा चिंचोका राहिला असेल तर तो भरडला जातो आणि पाण्याला तुरट, पिठूळ चव येते. या कोळात दीडशे ग्रॅम गूळ घाला. पिवळाधमक गूळ नको, काळपट हवा. गूळ विरघळला की पुन्हा एकदा गाळा, गुळातही खडे आणि उसाचं चिपाड निघतं. मग स्टीलच्या पातेल्यात उकळत ठेवा. पितळ किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको. चिंचेतलं आम्ल धातूशी लढतं, चव बिघडते आणि तो धातू पोटात जातो. उकळी आली की एक चमचा धने-जिरे पूड, अर्धा चमचा लाल तिखट, पाव चमचा पादेलोण आणि साधं मीठ चवीला. सात-आठ मिनिटं उकळून उतरवा.

हे पाणी दाट नको. चमचा बुडवून उचलला की त्याच्या पाठीवर फक्त पातळसा थर राहावा आणि बाकीचं गळून जावं. दाट चटणी एकाच चुरमुऱ्याला चिकटून बसते आणि शेजारचे चार कोरडे राहतात. पातळ पाणी सगळीकडे पोहोचतं. बाजारच्या भेळेत प्रत्येक घास सारखा लागायचा, त्याचं हेच कारण. गोडीचं प्रमाणही तपासा: आधी आंबट लागलं पाहिजे, गोडवा मागून यावा. घरच्या चिंच-गुळात बहुतेक वेळा गूळ पुढे पळतो. दीडशे ग्रॅम गूळ एकदम न घालता शेवटची मूठ बाजूला ठेवून चव घेतलेली बरी.

टिकवायचं असेल तर हाच कोळ थोडा जास्त आटवा, कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवडे सहज राहतो. लागेल तेव्हा दोन-तीन चमचे काढून उकळून गार केलेल्या पाण्यात सैल करा. खोलीवर फ्रिज नसेल तर तयार पाणी साठवू नका. फोडलेली चिंच मीठ लावून गोळे करून ठेवा, ती महिनोन्‌महिने राहते, आणि भेळेच्या दिवशी लिंबाएवढा गोळा भिजवा.

मटकीला मात्र आदल्या दिवसापासून तयारी लागते. चार जणांना पाव वाटी कोरडी मटकी पुरे. निवडून घ्या, कारण मटकीत मटकीच्याच रंगाचे खडे असतात. आठ तास भिजवा, उपसून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो. भेळेला मोड लहान हवेत, दाण्याच्या लांबीचे. लांबलचक मोड घासात दोऱ्यासारखे येतात. कुकरला लावू नका, एका शिट्टीत मटकी गळते. उकळत्या पाण्यात हळद, मीठ आणि चिमूटभर हिंग घालून पाच-सात मिनिटं शिजवा. दाणा चावताना मऊ लागावा पण आकार सोडू नये. कच्ची मोडाची मटकी घालायचा मोह टाळा. मोड आणण्याच्या उबेत जंतूही वाढतात, म्हणून मुलांसाठी आणि वयस्कांसाठी ती शिजलेलीच असावी. शिजली की चाळणीत उपसा आणि फडक्यावर पसरून अगदी कोरडी करा. मटकीला चिकटलेलं पाणी हे न मोजलेलं पाणी असतं, ते चुरमुरे बिघडवतं. उपसलेलं पाणी फेकू नका, त्याला लसणाची फोडणी देऊन संध्याकाळी भाकरीबरोबर कळण करा.

तिखटासाठी पुदिन्याची चटणी लागत नाही. ती मुंबईच्या भेळपुरीची. तिची चव वेगळी, तिची जागा वेगळी. आपल्याला हवा ओला ठेचा. सात-आठ तिखट हिरव्या मिरच्या, पाच-सहा लसूणपाकळ्या, मूठभर कोथिंबीर देठांसकट आणि मीठ. खलबत्त्यात कुटून घ्या आणि दोन-तीन चमचे पाणी घालून सैल करा. खलबत्त्यात मिरची ठेचली जाते, मिक्सरमध्ये ती कापली जाते. ठेचलेल्या मिरचीचा वास भेळेत जास्त पसरतो. मुलांसाठी भेळ आधी ठेच्याशिवाय कालवून काढा, मग उरलेल्यात घाला. अगदी लहान मुलांच्या भेळेत शेंगदाणे आणि फुटाणे घालू नका, घशात अडकतात.

तळायच्या मिरच्या कमी तिखट, लांब घ्या. धुऊन पूर्ण पुसा आणि पोटाला चीर द्या. चीर न देता टाकलेली मिरची तेलात फुटते आणि अंगावर उडते. सालावर पांढरे फोड दिसू लागले की काढा आणि गरम असतानाच मीठ भुरभुरा.

कांद्याच्या बाबतीत आपण भाग्यवान. चाकणचा कांदा बाजार राज्यात नावाजलेला आहे आणि महाळुंग्याच्या कुठल्याही भाजीवाल्याकडे चांगला कांदा मिळतो. हिवाळ्याच्या तोंडाला येणारा लाल कांदा पाणीदार आणि उग्र. मार्च-एप्रिलनंतर निघणारा उन्हाळी कांदा घट्ट आणि टिकाऊ, तोच चाळीत भरून ठेवतात. भेळेला हा उत्तम. चार जणांना दोन मध्यम कांदे, अगदी बारीक चिरलेले. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात आणि आतल्या गंधकयुक्त घटकांपासून तो उग्र दर्प तयार होतो. जितका वेळ चिरलेला पडून राहील तितकी चव बिघडत जाते आणि खाली पाणी जमतं. म्हणून कांदा सगळ्यात शेवटी चिरा, बाकी सगळं मांडून झाल्यावर. लाल कांदाच हाताशी असेल तर चिरल्यावर पाण्यातून काढून फडक्यात घट्ट पिळा. टोमॅटो घालायचाच तर एक, आणि त्याच्या बिया-पाणी काढून. मी तो घालत नाही. चिंच असताना टोमॅटोच्या आंबटाची गरज वाटत नाही.

फरसाण आणि शेव विकत आणा, त्यात कमीपणा काही नाही. बाजारचा भेळवालाही ते फरसाणवाल्याकडूनच आणायचा. दीडशे ग्रॅम फरसाण, पन्नास ग्रॅम बारीक शेव, आठ-दहा पापड्या. फक्त दोन गोष्टी बघा. पुडा उघडल्यावर नाकाशी धरा; जुन्या तेलाचा खवट वास आला तर परत करा, चिंचेनं तो झाकला जात नाही. आणि फरसाणात मनुका, काजू, गोड बुंदी असलेला प्रकार घेऊ नका. साधी जाड शेव, गाठी, पापडी, शेंगदाणे असलेलं तिखट फरसाण हवं. शेव घरी करायची हौस असेल तर पाव किलो बेसनाला दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, हळद, मीठ, पाण्यात वाटून गाळलेला ओवा; पीठ सैलसर भिजवून सोऱ्याच्या बारीक ताटलीतून मध्यम आचेवर पाडा.

आता कालवणं. आधी खाणाऱ्यांना बसवा, ताटल्या मांडा, शेव-कोथिंबीर-लिंबू हाताशी ठेवा. मोठं पातेलं घ्या, भेळ त्याच्या निम्म्याच्या वर येता कामा नये, नाहीतर चमचा फिरत नाही. चुरमुरे, फरसाण, हातानं चुरलेल्या पापड्या आणि मूठभर फुटाणे आधी कोरडेच एकत्र करा. त्यावर मटकी, मग कांदा. एक-दीड चमचा ठेचा घालून दोनदा खालीवर करा. शेवटी सात-आठ मोठे चमचे चिंचेचं पाणी, मधोमध न ओतता गोल फिरवत. आता हात सैल ठेवून तळापासून उचलत सात-आठ वेळा उलटा. दाबू नका, घोळवू नका. वेगळं मीठ घालू नका. चुरमुऱ्यांत, फरसाणात, मटकीत, ठेच्यात आणि पाण्यात मिळून ते आधीच पुरेसं असतं. लगेच ताटल्यांत काढा, वर शेव, कोथिंबीर, लिंबाचे दोन-चार थेंब, बाजूला मिरची. वाढल्यापासून पाच मिनिटांत संपली पाहिजे.

चव घेतल्यावर काही कमी वाटलं तर पुढच्या वेळी काय बदलायचं? भेळ फिकी लागली तर बहुधा पाण्यात आंबट कमी आहे, तिखट नव्हे. मऊ पडली तर मटकी किंवा कांदा ओला होता. घशाला कोरडी लागली तर पाणी दाट झालं होतं. वरून आणखी ओतण्याऐवजी तेच सैल करायला हवं होतं. तेलकट लागली तर फरसाण पन्नास ग्रॅमनं कमी करा आणि तेवढे फुटाणे वाढवा.

पाळीवर जाताना डब्यात न्यायची असेल तर कोरडी भेळ करा. चुरमुरे, फरसाण, भाजलेले शेंगदाणे एका डब्यात. ठेच्यातली मिरची-लसूण पाणी न घालता तेलात परतून त्यातच मिसळा. कांदा आणि लिंबू अख्खे न्या आणि जेवणाच्या सुट्टीत चिरा. मटकी गरम शेडमध्ये काही तासांत आंबते, ती नेऊ नका. घरच्या ओल्या भेळेत एप्रिल-मेमध्ये चिंचेऐवजी कैरी किसून घालता येते, तेव्हा गूळही वगळा. थंडीत ओला हरभरा सोलून भाजून मटकीच्या जागी घातला तर भेळेला शेताचा वास येतो. माझी ही सगळ्यात आवडती भेळ.

कागदाच्या पुड्याबद्दल लिहायलाच हवं, कारण आठवणीत तोही आहे. मुलांना तसाच पुडा करून द्यावासा वाटतो, पण वर्तमानपत्राचा कागद वापरू नका. छपाईच्या शाईतले घातक घटक ओल्या, आंबट, तेलकट पदार्थात उतरतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाईच केली आहे. पळसाच्या पानांचे द्रोण चाकणच्या बाजारात मिळतात, ते आणा. किंवा कोऱ्या पांढऱ्या कागदाचा शंकू करून आत केळीच्या पानाचा तुकडा बसवा. चमचा मात्र जाड पापडीचा, शेवटी तोही खाता येतो.

हळदीकुंकवाला किंवा गणपतीत पंचवीस जणांची भेळ करायची वेळ येते, त्यासाठी हिशेब असा: पाऊण किलो चुरमुरे, एक किलो फरसाण, तीनशे ग्रॅम कोरडी मटकी, सव्वा किलो कांदा, पाव किलो शेव आणि दीडशे ग्रॅम चिंचेचं पाणी, गूळ त्याच मापात. मटकी दोन दिवस आधी भिजवायला टाका, पाणी आदल्या दिवशी करा, कांदा चिरायला दोन माणसं शेवटच्या अर्ध्या तासात बसवा. आणि काहीही झालं तरी सगळी भेळ एका पातेल्यात कालवू नका. चार-चार, पाच-पाच ताटल्यांचा एकेक घाणा काढा. एकानं कालवायचं, दुसऱ्यानं वर शेव टाकून पुढे करायचं. रांग थोडी थांबेल, थांबू द्या. कोरडं मिश्रण उरलं तर हवाबंद डब्यात जाईल आणि चहाबरोबर संपेल.